उंबऱ्याच्या आतले बूट

आमचे घरमालक बूट आधी हातात घालून बघत. दुकानात बाकावर बसायचं, विक्री करणाऱ्या बाईने समोर ठेवलेला बूट उचलायचा, उजवा हात मनगटापर्यंत आत घालायचा, डोळे मिटायचे आणि काउंटरवर तो बूट टाचेपासून चवड्यापर्यंत सावकाश चालवायचा. पणजीच्या त्या गारगार दुकानात लोक थांबून बघत. मी शेजारी पिशव्या सांभाळत उभी असे. आठवडाभर डिचोलीच्या कचेरीत खिडकीवर बसून लोकांचे अर्ज घेतलेले, शनिवारचा एक दिवस झोपायचा, तो ह्यांच्या बुटांपायी बसच्या दांड्याला लोंबकळत गेलेला. ह्या माणसाला मी ओळखत नाही असा चेहरा करण्याइतकंही त्राण माझ्यात नसे.

"काका, पायात घालून बघा ना," दुकानातली बाई म्हणायची.

"पायांक कळना गो बाय. हाताक कळता."

ते खरंच होतं. साखरेच्या आजाराने त्यांच्या पावलांची जाणीव गेली होती. खडा टोचला तरी कळत नसे, चटका बसला तरी कळत नसे. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, कारण रिपोर्ट वाचून दाखवायला मला बरोबर नेलं होतं. इथून पुढे अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. पुढून बंद, चवड्याला रुंद, आत कुठे शिवण टोचणार नाही असे बूट घ्या, आणि संध्याकाळी जाऊन घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात. एक लहानशी जखम चिघळली तर पाय वाचवता येईलच असं नाही. डॉक्टर हे इतक्या सरळ आवाजात बोलले की मालकांनी त्यांनाच विचारलं, "आनी तुमी खंयचीं जोतीं घालतात?" आणि टेबलाखाली वाकून बघितलं.

मी मूळची पेडण्याची. डिचोलीला बदली झाली तेव्हा जवळच्या मये गावात ह्यांच्या घराच्या माडीवरची एक खोली भाड्याने घेतली. घेतली म्हणजे ह्यांनी मला घेतलं. पहिल्या दिवशी ते खाली सोप्यावर बसले आणि मला वर पाठवून म्हणाले, "चलून दाखय." मी वरच्या लाकडी तक्तपोशीवर इकडून तिकडे चालले. "आतां उतावळेर चल. ऑफिसाक वेळ जाला म्हूण समज." मी घाईने चालले. खाली त्यांनी कान लावून ऐकलं आणि दोन दिवसांनी निरोप पाठवला की चालेल. नंतर कळलं, माझ्याआधी एका शिक्षकांना टाच आपटतात म्हणून नकार दिला होता.

सगळ्याच बाबतीत हे असं. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की टोपलीतला प्रत्येक पाव, पोय असो की उंडो, दाबून बघायचा. पोदेर बिचारा एक पाय जमिनीवर टेकवून आकाशाकडे बघत राही. पंखा घ्यायचा होता तेव्हा दुकानातले सगळे पंखे एकेक करून लावायला लावले आणि शेवटी जुनाच दुरुस्त करून आणला. हा चिकटपणा आला होता सुर्ल्याच्या खाणीवरून. तिथे ते ट्रक वजन करायच्या काट्यावर होते. मालाचा ट्रक काट्यावर चढला की काटा हलत राहतो, तो थिरावेपर्यंत आकडा लिहायचा नाही, हे त्यांनी इतकी वर्षं केलं की पुढे खाण बंद पडली तरी त्यांच्या डोक्यातला काटा चालूच राहिला. भाजी काय करू, असं काकींनी विचारलं तरी उत्तर ठरलेलं. "काटो थारूं दी." तोवर काकींची भाजी शिजून खाली उतरलेली असायची.

काकी म्हणजे त्यांची बायको. घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि तो बहुधा सोवळ्याओवळ्यावर असे.

साखरेच्या रोग्यांना मिळतात त्या काळ्या मऊ चपला डॉक्टरांनी आधी सुचवल्या होत्या. मालकांनी त्या हातातही घेतल्या नाहीत. "त्यो घातल्यो काय लोक पयलीं पाय पळयतले, मागीर त्वांड," असं म्हणून ते दुकानाबाहेर आले. लोकांनी तोंडाआधी पाय बघावेत, आजारी समजावं, हे नको होतं त्यांना. मयेत जो तो त्यांना विचारून गोष्टी घेई, आणि त्यांनी रोग्याच्या चपला घालून बाजारात फिरायचं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. मला ते पटत होतं. पण पटण्याचा आणि दर शनिवारी पणजीला जाण्याचा संबंध माझ्या कंबरेला काही पटत नव्हता.

मग ते लोकांच्या पायांकडे बघू लागले. आधी ट्रकची चाकं बघायचे तसेच. बसमध्ये, बँकेत, देवळाच्या पायऱ्यांवर काढून ठेवलेल्या जोड्यांमध्ये. कॉलेजच्या मुलींना विचारायचे, "बाय, हे खंय घेतले गो?" पोरी हसायच्या, पण सांगायच्या. एकदा मयेच्या तळ्यावर एक परदेशी पाहुणा कठड्याला टेकून फोटो काढत होता. त्याच्या पायात जुन्या वळणाचे बूट होते. पुढे सुएडचा तुकडा, बाजूला जाळी, तळ सपाट आणि मधाच्या रंगाचा, कडेला एक तिरकी पट्टी. मालक त्याच्याशी काय बोलले देव जाणे, कारण इंग्रजी दोघांचंही यथातथाच होतं. मी भाजी घेऊन येत होते. बघते तर तो उंच माणूस एका पायावर उभा, एका हाताने कठडा धरलेला, आणि आमचे मालक त्याच्या बुटात हात घालून डोळे मिटून बसलेले.

"हेच," ते मला म्हणाले. "आंत शिवण ना. मुखार बोटांक जागो आसा."

त्या पाहुण्याने बूट परत पायात घातला आणि मालकांना वाकून नमस्कारही केला. त्याला वाटलं असावं, हा इथला काही रिवाज असेल.

तर तसले बूट शोधायचे. पणजीतल्या त्या दुकानातल्या बाई सिंधुदुर्गातल्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी आधी आजकालचे पळायचे बूट दाखवले, जाड फुगीर तळाचे. मालकांनी एकदाच, माझा खांदा धरून, ते पायात घालून पाहिले आणि लगेच काढले. पायाला जमीन कळत नसली की तसल्या उसळत्या तळावर माणूस डोलतो. "हांचेर चडलें काय जमीन खंय आसा तेंच कळना." पांढरे कापडी आणले, तर ते म्हणाले की डिचोली तालुक्यात पांढरा बूट मंगळवारपर्यंत तांबडा होतो. मोज्यासारखे विणलेले आणले, तर अंगठ्याला काही आधार नाही. शेवटी बाईंनी वरच्या फळीवरचे खोके काढले.

"हे बघा काका. पूर्वी धावायला असले बूट वापरायचे, आता तीच स्टाइल परत आली आहे. रेट्रो म्हणतात. रोज घालायचे, ऑफिसला, फिरायला. धावायचे दिसतात, पण धावण्यासाठी नाहीत."

"धांवपाचे, पूण धांवपाक न्हय?"

"हो."

"बरें. म्हाकाय खंय धांवपाचें ना."

हात आत गेला. डोळे मिटले. बोटं आतल्या कापडावरून फिरली, जिभेखाली गेली, अंगठ्याच्या जागी थांबली. मग बूट मधोमध वाकवून पाहिला. तो चवड्यापाशी वाकला, मध्ये वाकला नाही. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला, तो दबला नाही. आतला तळ सुटा करून उजेडात धरला. मला वाटलं, सुटलो. पण दोन रंग होते, राखाडी आणि हिरवट. काटा थिरावायला आणखी दोन शनिवार गेले. शेवटी राखाडी घेतला, आणि परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन ते इतके खूश होते की माझं दुखणारं अंगही मला थोडं कमी दुखल्यासारखं वाटलं.

घरी उंबऱ्यात काकी उभ्या होत्या.

"घरांत जोतीं? म्हज्या जिवांत जीव आसा मेरेन ना."

"डॉक्टरान सांगलां."

"डॉक्टराच्या घरांत देव ना?"

काकींच्या घरात देवाची खोली मधोमध होती आणि स्वयंपाकघर तिला लागून. त्या उंबऱ्याच्या आत आजवर चप्पल आली नव्हती. लग्नात आलेले मोठे साहेबसुद्धा मोजे सांभाळत आत बसलेले. काकी काही दुष्ट बाई नव्हत्या. नवऱ्याच्या पायाची काळजी त्यांना त्याच्यापेक्षा जास्त होती. रात्री तेल लावताना त्या एकेक बोट दिव्याकडे धरून तपासत. पण रस्त्यावरची घाण देवापाशी कशी आणायची, हा त्यांचा प्रश्न होता. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मला फक्त वर जाऊन आडवं व्हायचं होतं.

तोड मालकांनीच काढली. हे बूट नवे आहेत, रस्त्याला लागलेले नाहीत. ते कधी लागणारच नाहीत. हे उंबऱ्याच्या आतले बूट. बाहेर जायला हिरवट जोड आणू, तोच बाहेर राहील. काकींनी विचार केला, बुटाचे तळ ओल्या फडक्याने पुसले, वर तुळशीचं पाणी शिंपडलं आणि त्यांना आत घेतलं. नंतर मी माडीवरून ऐकलं, खाली मऊ पावलं फिरत होती, ह्या खोलीतून त्या खोलीत. काकी म्हणत होत्या, "दिसतात बरे." आणि मालक म्हणत होते की नुसते दिसायला घेतलेले नाहीत.

हिरवट जोड पुढच्याच आठवड्यात आला. सगळं व्यवस्थित लागलं. सोप्यावर बाहेरचा जोड, दाराआड आतला जोड. बाहेरून आले की खुर्चीवर बसून एक काढायचा, पाय जमिनीला न टेकवता दुसरा घालायचा. डॉक्टरांनी कौतुक केलं. रोज निजण्याआधी बुटात हात घालून खडाबिडा नाही ना ते बघायलाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तर त्यांच्या आवडीचंच काम होतं.

चूक तुळशीपाशी झाली. आंघोळ झाली की मालक तुळशीला पाणी घालत, तिला फेऱ्या घालत, वर्षानुवर्षं. तुळस अंगणात. घरातले बूट बाहेर न्यायचे नाहीत, ते बाटतील. बाहेरचे बूट तुळशीजवळ न्यायचे नाहीत, ते बाटलेलेच. म्हणून ते घरातला जोड उंबऱ्याच्या आत नीट काढून ठेवत आणि तेवढ्यापुरते अनवाणी जात. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही, काकींनाही नाही. तुळशीपाशी जोडे घालून कोण जातं? डॉक्टरांनी अनवाणी नको म्हटलं ते चालण्याबद्दल, देवाबद्दल नव्हे, असं त्या घरात कुणी न बोलताच ठरलेलं. अंगण पूर्वी सारवलेलं असे. आता तिथे काळ्या फरशा होत्या. एप्रिल सरत आला होता आणि आंघोळीला त्या दिवसांत उशीर होत होता. मी त्या वेळी कचेरीत खिडकीवर असे.

तापलेल्या फरशीवर त्यांनी किती दिवस फेऱ्या घातल्या, ते त्यांनाही सांगता आलं नाही. तळव्याला फोड आले, फुटले. त्यावर मोजे चढले, मोज्यांवर ते मऊ, आत शिवण नसलेले बूट. त्या आठवड्यात काकी बहिणीकडे लग्नघरात राबत होत्या, रात्री उशिरा दमून येत, तेल लावणं राहून गेलं होतं. एका संध्याकाळी मी चहा घेऊन खाली आले तर मालक बूट हातात घातलेल्या अवस्थेत स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हात बाहेर काढून त्यांनी बोटं काकींपुढे धरली.

"हें ओलें कशें गो?"

काकींनी बोटांचा वास घेतला आणि खाली बसून त्यांच्या पायातला मोजा उतरवू लागल्या.

मोठ्या हॉस्पिटलात आधी दोन बोटं काढली. मग ताप उतरेना. मग गुडघ्याखालून पाय. ते सगळे दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळलेत. कचेरी, बस, हॉस्पिटलचा जिना, डबा, परत बस. एकदा वॉर्डाबाहेरच्या बाकावर काकींनी विचारलं, "बाय, म्हज्या सोवळ्यान केलें हें?" मी म्हटलं, "नाही हो काकी." त्यांना ते खरं वाटलं नाही, हे मला दिसलं. मी त्यांचा हात धरून बसले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि खूप वाईट वाटत होतं.

घरी आलेले मालक वेगळेच होते. कशालाच नको म्हणेनात. पोदेर आला तर टोपलीकडे बघायचे नाहीत. काकी विचारायच्या, "पोय जाय काय उंडो?" तर उत्तर यायचं, "कितेंय चलता." चहात साखरेऐवजीची गोळी पडली की नाही, पंखा हळू की जोरात, खिडकी उघडू की लावू, कितेंय चलता. ज्या माणसाने मला चालायला लावून भाड्याने ठेवलं, त्याच्या डोक्यावर आता मी मुद्दाम टाच आपटून चालून पाहिलं. खालून काही आवाज आला नाही. काकी मुद्दाम भाजीत मीठ घालायला विसरू लागल्या. ते ताट तसंच रिकामं करायचे. एका दुपारी काकी मागच्या दारी मला म्हणाल्या, "पाय गेलो तो गेलो गो. पूण हे खंय गेले?" आणि पदराने तोंड दाबून रडल्या.

जखम भरली, पावसाळा गेला, मग कृत्रिम पाय बसवायचं ठरलं. आम्ही तिघं पणजीला गेलो. पाय बनवणाऱ्या गृहस्थांनी आधी विचारलं, "रोजचा बूट कुठला? तो लागेल. पावलाची उंची त्याच्या तळावर बसवावी लागते." मालक म्हणाले, "कितेंय चलता." काकींनी पिशवीतून तो राखाडी जोड काढला. धुऊन, सुकवून, आतला तळ नवा घालून त्यांनी तो ठेवला होता, हे मलाही ठाऊक नव्हतं.

पाय त्या बुटासकट बसला. गृहस्थांनी चार पावलं चालवून पाहिलं आणि समजावलं. हा पाय ह्या तळाच्या उंचीला धरून लावला आहे. बूट काढून चाललात तर मागे कलाल आणि पडाल. तेव्हा बूट काढायचा नाही. घरात, अंगणात, देवळात, कुठेच नाही.

मी काकींकडे बघितलं. त्या मान हलवत ऐकत होत्या.

भाड्याच्या गाडीने दुपारी घरी आलो. अंगणातून, कुबडीवर भार देत, तांबड्या मातीने भरलेल्या बुटांनी मालक उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. इतक्या वर्षांची सवय; भिंतीला टेकून ते वाकले आणि नाडीकडे हात नेऊ लागले.

"रावात," काकींनी त्यांना थांबवलं.

त्यांना सोप्यावर बसवलं. आतून तांब्या आणला, फडकं आणलं, आणि काकी खाली फरशीवर बसल्या. कृत्रिम पाय बुटासकट उचलून मांडीवर घेतला. मधाच्या रंगाच्या तळावर पाणी ओतलं आणि खाचांमधली माती बोटांनी काढू लागल्या. मग दुसरा पाय घेतला, ज्याला मुळात काही कळतच नव्हतं. मालक समोरच्या माडांकडे बघत होते, गेले कित्येक महिने बघत होते तसेच. तळावरून पाणी तांबडं होऊन वाहत होतं. मी दाराला टेकून उभी होते आणि ह्या दोघांना आता जरा झोप मिळावी एवढंच माझ्या मनात होतं.

"उदक थंड आसा गो," वाकून तांब्यात बोटं बुडवत मालक म्हणाले.

काकींचा हात थांबला. त्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मालक आता माडांकडे बघत नव्हते, तांब्याकडे बघत होते, कपाळाला आठी घालून.

"खूब थंड लागता?" काकींनी विचारलं.

"खूब न्हय. मातशें."

काकींनी पाय अलगद खाली ठेवला, डोळे पुसले, आणि तांब्या उचलून पाणी ऊन करायला आत गेल्या.